बाल्सा ट्रेनर: फळीपासून पहिल्या उड्डाणापर्यंतच्या नोंदी

6 ऑक्टोबर

रेडिओवर उडवायच्या बाल्सा लाकडाच्या मॉडेल विमानाचा नकाशा टेबलावर पसरला. उडवायला शिकण्यासाठीचं सोपं विमान, म्हणून 'ट्रेनर'. पंख टोकापासून टोकापर्यंत 1500 मिमी, रुंदी सगळीकडे सारखीच 250. पंख फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) वर बसणारा, तीन चाकं, चार सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), विजेची मोटर. पंखाचं क्षेत्रफळ 37.5 चौरस डेसिमीटर. उडताना सगळं मिळून वजन 1450 ग्रॅमच्या आत राहिलं, तर चौरस डेसिमीटरला 39 ग्रॅमपेक्षा कमी भार येतो. इतकं हलकं विमान वेग सेकंदाला साधारण 7 मीटरपर्यंत उतरला तरी हवेत तग धरतं, आणि उडवणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. नंतर ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) कितीही सेटिंग केली तरी जड किंवा पीळ पडलेलं विमान सुधारत नाही. वजन आणि सरळपणा, दोन्ही बांधणीच्या टेबलावरच ठरतात. वहीत वजनासाठी वेगळा रकाना आखला.

8 ऑक्टोबर

आजचा सगळा वेळ लाकूड निवडण्यात गेला, आणि तो द्यायलाच हवा. 915 × 100 मिमीच्या, 3 मिमी जाडीच्या फळ्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. सगळ्यात हलकी 28 ग्रॅम, सगळ्यात जड 57. माप तेच, झाड तेच, वजन दुप्पट! प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलने वजन लिहिलं आणि तीन ढीग केले: हलक्या शेपटीसाठी, मधल्या रिब्ससाठी (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्यांसाठी), जड फ्यूजलाजच्या पुढच्या भागासाठी.

नुसतं वजन बघूनही भागत नाही, फळी ओंडक्यातून कशी कापली आहे तेही बघावं लागतं. काही फळ्यांवर उजेडात माशाच्या खवल्यांसारखे चमकदार ठिपके दिसतात. त्या आडव्या वाकवायला गेलं की ताठ राहतात आणि जोर केला की तडकतात. रिब्स आणि शेपटीच्या सपाट भागांना त्याच हव्यात. ज्यांच्यावर लांब सरळ रेषा असतात त्या आडव्या सहज वळतात. गोलाईवर चढवायच्या बाल्साच्या पातळ पत्र्यासाठी त्या बाजूला काढल्या. एका फळीत अर्ध्या लांबीपर्यंत मऊ आणि पुढे एकदम टणक पट्टा निघाला. नखाने दाबलं की कळतं. असा तुकडा घासताना मऊ भाग खाली जातो आणि टणक भाग उंचवट्यासारखा उरतो. ती फळी फॉर्मरच्या (फ्यूजलाजच्या आतल्या आडव्या चौकटींच्या) ढिगात टाकली.

दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाचं फ्यूजलाज बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेलं होतं. हे लाकूड खेळण्यापुरतं आहे असं कोणी म्हटलं की मी हेच उदाहरण देतो.

12 ऑक्टोबर

रिब्स. प्लायवूडचे दोन नमुने कापून घेतले. त्यांच्यामध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे रचून दोन बोल्टने आवळले आणि पूर्ण गठ्ठा एकदम घासला. आधी 120 नंबरचा पेपर लावलेली लांब पट्टी, मग 240. स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काडीच्या) खाचाही गठ्ठ्यातच कापल्या, त्यामुळे सगळ्या खाचा एका रेषेत आल्या.

रिबचा, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार क्लार्क वाय. व्हर्जिनियस क्लार्क यांनी 1922 मध्ये तो आखला. 1927 मध्ये वैमानिक लिंडबर्ग ज्या विमानातून अटलांटिकपार गेले, त्याच्या पंखालाही हाच आकार होता. जाडी रुंदीच्या 11.7 टक्के, आणि खालची बाजू पुढच्या 30 टक्क्यांनंतर सपाट. मॉडेल बांधणाऱ्याला या सपाटपणाचा मोठा उपयोग होतो. पंख टेबलावर सरळ टेकतो, खाली ठोकळे लावून उंची जुळवत बसावं लागत नाही.

13 ऑक्टोबर

बांधणीचा बोर्ड तपासला. लांब स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला. आडवा, उभा, तिरका, कुठेच उजेड झिरपला नाही. नकाशावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं, म्हणजे गोंद कागदाला चिकटणार नाही.

15 ऑक्टोबर

उजवा पंख सुरू. खालचा स्पार नकाशावर ठेवला. टाचण्या स्पारमधून आरपार घालायच्या नाहीत, दोन्ही अंगांनी तिरप्या रोवून त्यांच्या कैचीत स्पार धरायचा. स्पारला पडलेलं भोक म्हणजे पुढे मोडायची जागा.

रिब्स गुण्या लावून काटकोनात उभ्या केल्या. आधी सगळं कोरडं जुळवलं. खाचेत रिब बोटाच्या हलक्या दाबाने बसली पाहिजे. ठोकावी लागली तर स्पार वाकतो, सैल पडली तर फट गोंदाने भरावी लागते आणि गोंद लाकडापेक्षा कितीतरी जड. सगळं जुळल्यावर प्रत्येक सांध्यावर पातळ सायनोॲक्रिलेटचा (सीए, झटपट चिकटणारा गोंद) एकच थेंब. तो फटीत स्वतःच ओढला जातो. खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवला, कारण त्या वाफेने डोळे चुरचुरतात.

ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) आणि पुढचा पत्रा मात्र पिवळ्या सुतारी गोंदाने. पातळ सीए सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, पुढे घासताना सांध्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड उतरतं आणि गोंदाची रेघ वर राहते. फिल्म (सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवायचं पातळ आवरण) लावल्यावर ती रेघ हमखास दिसते. पिवळा गोंद लाकडाबरोबर घासला जातो. त्याला रात्रभर थांबावं लागतं, तेवढं थांबायचं.

16 ऑक्टोबर

वरचा स्पार आणि मधले वेब, म्हणजे दोन स्पारमधल्या उभ्या फळ्या. वेबच्या फळीतल्या रेषा उभ्याच हव्यात. उड्डाणात पंख वर वाकतो, तेव्हा वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दोघांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणं हे वेबचं काम. रेषा आडव्या ठेवल्या तर वेब रेषेवर फाटतो. 60 अंश कलून एकाच उंचीवर वळलं तरी पंखावरचा भार दुप्पट होतो, आणि तो सगळा मधल्या सांध्याकडे येतो. म्हणून मधल्या चार खणांत (दोन रिब्समधल्या जागांत) वेब 3 मिमीचे, बाहेर 1.5 मिमीचे, शेवटच्या दोन खणांत अजिबात नाहीत.

20 ऑक्टोबर

डावा पंख झाला. दोन्हींचं वजन: उजवा 112 ग्रॅम, डावा 115.

21 ऑक्टोबर

दोन्ही पंख जोडले. एक बोर्डावर सपाट दाबून ठेवला, दुसऱ्याचं टोक 90 मिमी उचललं, म्हणजे प्रत्येक टोकाला 45 मिमीचा चढ आला. अंशांत साडेतीनच्या किंचित खाली. विमान एका बाजूला घसरायला लागलं की खालच्या पंखाला हवा जास्त कोनात लागते, तो पंख जास्त उचल देतो आणि विमान आपोआप सरळ होऊ बघतं. फ्रेंच संशोधक अल्फोन्स पेनॉने 1871 मध्ये पॅरिसमध्ये रबराच्या पिळावर चालणारं मॉडेल उडवलं, त्याच्याही पंखांची टोकं अशीच वर वळवलेली होती.

मधोमध 3 मिमी प्लायवूडचा जोड, 30 मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी गोंद, वरून क्लॅम्प. पाच मिनिटांचा इपॉक्सी इथे वापरत नाही. लाकडात मुरायला त्याला वेळच मिळत नाही.

27 ऑक्टोबर

फ्यूजलाज. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून कापल्या. फॉर्मर उभे केले, वरून मध्यरेषा ओढली आणि शेपटीकडे दोन्ही बाजू हळूहळू जवळ आणल्या. दोन्ही फळ्यांचा ताठपणा सारखा असेल तरच फ्यूजलाज सरळ येतं. एक मऊ आणि एक टणक असेल तर ते मऊ बाजूला केळ्यासारखं वळतं. म्हणून जोडी लावताना वजन बघितलं होतं, आणि दोन्ही हातांनी वाकवूनही बघितलं होतं.

मोटर बसते ती पुढची भिंत 6 मिमी प्लायवूडची. मागे चारही कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आणि इपॉक्सी. बॅटरी आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थंड राहावेत म्हणून पुढे हवा आत यायला एक झरोका, मागे बाहेर जायला त्याच्या दीडपट मोठा. गरम हवेला बाहेरची वाट मोठी लागते.

2 नोव्हेंबर

शेपूट. आडवा भाग फळीतून न कापता 6 मिमीच्या काड्यांची जाळी केली. इथे काटकसर करायलाच हवी. गुरुत्वमध्यापासून शेपूट 760 मिमी मागे आहे आणि बॅटरी जास्तीत जास्त 230 मिमी पुढे जाते. शेपटीत 10 ग्रॅम वाढले की नाकात 33 ग्रॅम घालावे लागतात. दोन्ही धरून 43 ग्रॅम, आणि उडण्याला त्यांचा काही उपयोग नाही. आडवा भाग एलेव्हेटरसकट (नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या कडेसकट) 31 ग्रॅम, उभा भाग रडरसकट (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या कडेसकट) 13. चांगलं उतरलं.

9 नोव्हेंबर

घासकाम. तोंडाला मास्क हवाच, बाल्साची धूळ इतकी बारीक की दिवसभर घशात राहते. 240, मग 400. लीडिंग एजला (पंखाच्या पुढच्या कडेला) गोलाई देताना पुठ्ठ्याचा साचा कापून दर हातभर अंतरावर लावून बघितला. खळग्यांत हलकं फिलर. शेवटी व्हॅक्यूम, मग किंचित चिकट कापड. कापड फिरवल्यावर त्यावर आलेली धूळ बघितली की फिल्म का सुटते ते वेगळं सांगायला लागत नाही.

सांगाडा पंख, शेपूट, फ्यूजलाज मिळून 571 ग्रॅम. नकाशाच्या अंदाजापेक्षा कमी.

15 नोव्हेंबर

कव्हरिंग सुरू. प्रत्येक फिल्मचं तापमान वेगळं, म्हणून आधी टाकाऊ रिब्सचा एक खण बांधून त्यावर आजमावलं. इस्त्रीच्या तळाला थर्मामीटर लावला. या फिल्मचा गोंद 100 अंशांच्या आसपास धरतो आणि फिल्म 140 च्या पुढे आक्रसते. ही दोन तापमानं वेगळी आहेत हे हाताला कळलं की निम्मं कव्हरिंग जमलं. आधी कमी तापमानावर नुसत्या कडा चिकटवायच्या. मध्ये सुरकुत्या दिसतात, दिसू द्यायच्या.

आज शेपूट. एक बाजू लावली, आक्रसवली नाही. उलटवून दुसरी लावली. मग दोन्ही बाजूंना आलटून पालटून थोडी थोडी उष्णता. एकच बाजू पूर्ण ताणली तर इतकी हलकी जाळी ताबडतोब वाकते.

16 नोव्हेंबर

पंखाची खालची बाजू गडद निळी, त्यावर दोन रुंद पांढरे पट्टे. वरची बाजू पिवळी. आकाशात दूर गेल्यावर सगळेच रंग काळपट दिसतात. तेव्हा विमान कोणत्या बाजूला कललं आहे ते रुंद पट्ट्यांवरूनच कळतं, नक्षी उपयोगाची नाही.

खालची बाजू आधी, म्हणजे वरच्या फिल्मची कड तिच्यावर 6 मिमी चढते आणि सांधा वरून दिसत नाही. क्रम असा ठेवला: मधल्या रिबवर फिल्म चिकटवली, टोकाकडून ओढून तिथे एक ठिपका, मग लीडिंग एजच्या मध्यावर, त्याच्या समोर ट्रेलिंग एजवर, आणि तिथून दोन्हींकडे सरकत गेलो.

पंखाचं टोक हा सगळ्यात अवघड भाग, कारण तिथे गोलाई दोन्ही दिशांना आहे. एका हातात फिल्मची कड, दुसऱ्या हातात मोजा चढवलेली इस्त्री. आधी फिल्मला गरम हवा दिली, ती लोण्यासारखी मऊ झाली की खाली आणि बाहेर ओढली आणि त्याच क्षणी इस्त्री टेकवली. दोन सेकंद उशीर झाला तर ती पुन्हा ताठरते आणि चुणी तशीच राहते. बोटभर जागा झाली की पुढची बोटभर. शेवटच्या चुणीवर इस्त्रीची कड उभी धरून फिरवली, तेव्हा ती हळूच आत बसली. त्यानंतर लीडिंग एजवरून बोट फिरवलं तर फिल्म कुठे संपते तेच लागेना. या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच.

18 नोव्हेंबर

वरची बाजू लावली आणि पंखाला मुद्दाम पीळ दिला. दोन्ही टोकांना ट्रेलिंग एज 4 मिमी वर, म्हणजे अंशाला थोडा कमी. एकाने पंख पिळून धरायचा आणि दुसऱ्याने वरची फिल्म आक्रसवायची. गार होईपर्यंत सोडायचा नाही. मुलीने धरला. "बाबा, अजून किती वेळ?" असं विचारत का होईना, पण तसूभर हलू दिला नाही. सपाट टेबलावर ठेवून टोकाखाली पट्टी सरकवली: एकीकडे 4, दुसरीकडे 4. वेग कमी होताना टोकाआधी पंखाचा मधला भाग उचल सोडतो, त्यामुळे विमान एका पंखावर पालथं न होता नाक खाली घालतं. नको असलेला पीळ विमान बिघडवतो, हा पीळ विमान वाचवतो.

23 नोव्हेंबर

बिजागऱ्या. खाच कापली, मधोमध 2 मिमीचं भोक पाडलं म्हणजे पातळ सीए शेवटपर्यंत पोचतो. बिजागरीच्या मध्यावर टाचणी ठेवून दोन्हीकडे सारखी आत घातली. मग टाचणी काढून दोन्ही बाजूंनी काही थेंब. सुकल्यावर प्रत्येक एलेरॉन (विमान कलवणारा, पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) जोर लावून ओढून बघितलं.

हॉर्नची (सर्व्होची सळी जिथे जोडतात त्या छोट्या दांड्याची) भोकं बरोबर बिजागरीच्या रेषेवर. पुढेमागे झाली तर वर आणि खाली हालचाल सारखी होत नाही.

30 नोव्हेंबर

रेडिओ आणि मोटर. वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 1937 मध्ये रेडिओवर उडवलेलं 'गफ' 8 फूट पंखांचं होतं. त्या काळची व्हॉल्व्हची यंत्रणा आणि बॅटऱ्या उचलायला तेवढा पंख लागायचाच. माझा रिसीव्हर 10 ग्रॅमचा आहे.

मोटर 11 × 5.5 इंची प्रोपेलरवर तीन सेलच्या बॅटरीने पूर्ण थ्रॉटलला 24 अँपिअर ओढते. तेव्हा व्होल्टेज 10.9, म्हणजे 260 वॅट. ईएससी 40 अँपिअरचा, त्यामुळे भरपूर वाव. विमान दोरीने खांबाला बांधून आणि मागे उभं राहूनच हे मोजलं. टेबलावरची बाकी सगळी जुळणी प्रोपेलर काढून.

फेलसेफ: ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल शून्य. तीनदा बघितलं.

4 डिसेंबर

तयार वजन 1436 ग्रॅम, भार 38.3. गुरुत्वमध्य लीडिंग एजपासून 72 मिमी, म्हणजे रुंदीच्या 29 टक्क्यांवर. बॅटरी खणाच्या पुढच्या टोकाला ठेवल्यावर तो तिथेच आला, शिसं घालावं लागलं नाही. शेपटीतली काटकसर इथे कामाला आली. स्पिनर (प्रोपेलरवरची टोपी) आणि शेपूट धरून विमान उचललं, डावा पंख किंचित खाली गेला. उजव्या टोकात 3 ग्रॅमचा तुकडा चिकटवला.

एलेव्हेटर 12 मिमी वर-खाली, एलेरॉन वर 12 आणि खाली 8, रडर 20. एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम मवाळ करणारं सेटिंग) 30 टक्के. मोटरला 2 अंश खाली आणि 2 अंश उजवीकडे कोन, नकाशाप्रमाणे.

7 डिसेंबर

पहिलं उड्डाण. सकाळी वारा अगदी मंद आणि धावपट्टीच्या रेषेत. सोबत आमच्यातले जुने फ्लायर काका. मी उडवणार, ते शेजारी उभे राहून सांगणार.

ट्रान्समीटर कमी शक्तीच्या मोडवर ठेवून तीस पावलं लांब जाऊन रेंज बघितली, मोटर बंद ठेवून आणि चालू करूनही. मग विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे: उजवं एलेरॉन वर. एलेव्हेटर ओढला: कड वर. काकांनी मला मोठ्याने म्हणायला लावलं. डोळ्यांना हवं तेच दिसतं, तोंडाने म्हटलं की खरं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

थ्रॉटल सावकाश. विमान डावीकडे ओढू लागलं, थोडा उजवा रडर दिला. साधारण वीस मीटर धावल्यावर पुढचं चाक सुटलं, एलेव्हेटर केसभर ओढला आणि ते वर गेलं. "चढू दे, आत्ता वळवू नकोस," काका म्हणाले. उंची आल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर. डावीकडे किंचित कलत होतं, एलेरॉनच्या ट्रिमचे (ट्रान्समीटरवरच्या बारीक जुळणीच्या बटणाचे) दोन क्लिक उजवीकडे. नाक वर जात होतं, एलेव्हेटरचे तीन क्लिक खाली. मग अंगठे स्टिकवर नुसते टेकवून ठेवले आणि विमान सरळ रेषेत गेलं. तेवढ्या अंतरात ट्रान्समीटरवरून मी काहीच करत नव्हतो. खाली मान घालून घासलेल्या सगळ्या सरळ कडा तिथे वर उडत होत्या.

भरपूर उंचीवर मोटर बंद करून नाक वर धरलं. वेग संपला, एलेव्हेटर मऊ पडला, आणि नाक सरळ खाली गेलं. पंख पडला नाही. दुसऱ्यांदा केलं, तसंच. टोकाचा 4 मिमीचा पीळ नेमका यासाठीच होता. तेवढ्यात काकांनी हात मागे बांधलेले दिसले, म्हणजे त्यांनाही पटलं.

उतरताना वाऱ्याला सामोरं शेवटचं वळण, थ्रॉटल पाव. उंची थ्रॉटलने सांभाळायची आणि वेग नाकाच्या कोनाने, हे सतत घोकत होतो. हलकं असल्याने विमान पट्टीवर तरंगत बरंच पुढे गेलं. मागची दोन चाकं आधी टेकली, मग पुढचं.

सहा मिनिटांच्या उड्डाणाला 1060 मिलीअँपिअर-तास खर्च. बॅटरीचे सेल 3.85 व्होल्टवर. टायमर सात मिनिटांवरच ठेवतो.

8 डिसेंबर

सगळे स्क्रू तपासले. लँडिंग गियरचा एक सैल झाला होता, थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावून आवळला. उन्हात उभं राहिल्याने फ्यूजलाजच्या मागच्या भागावरची फिल्म थोडी ढिली पडली होती. इस्त्री फिरवून ताणली. क्लिकने दिलेलं ट्रिम क्लेव्हिस (सळीच्या टोकाची आटे असलेली कडी) फिरवून लिंकेजमध्ये, म्हणजे सळीच्या लांबीतच घेतलं आणि ट्रान्समीटरचं ट्रिम मध्यावर आणलं.

14 डिसेंबर

आज गुरुत्वमध्याची चाचणी. उंचीवरून थ्रॉटल बंद करून 45 अंशांत खाली सोडलं आणि एलेव्हेटरला हात लावला नाही. विमान लांब वळणाने स्वतःच वर आलं. झपाट्याने वर आलं असतं तर नाक जड, खाली आणखी मुडपलं असतं तर शेपूट जड. 72 मिमी बरोबर आहे, बॅटरीच्या जागेवर मार्करने रेघ मारली.

पण थ्रॉटल पूर्ण उघडलं की नाक अजून वर चढतं. अर्ध्यावर सरळ, पूर्णवर चढ. हे ट्रिमने सोडवायचं नाही, मोटरचा कोन बदलायचा. माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंखाली 1 मिमीचे वॉशर घातले. भोकांमधलं अंतर 45 मिमी, म्हणजे सव्वा अंश आणखी खाली. पुन्हा उडवलं. पूर्ण थ्रॉटलला आता थोडासाच चढ उरला आहे, ट्रेनरला तेवढा हवाच. वॉशर तिथेच राहतील. नकाशावर मोटरच्या कोनाशेजारी 3.25 असं पेनने लिहिलं.